हेडमास्तरांनी काही केलं नाही

...नाही, पण तुम्ही मला सांगा, गव्याला सुळे असतात का? सुळे! वाघासारखे, हे एवढाले! अहो, रानातला गवा तो, गवत खातो. दिवसभर गवत खातो आणि उरलेल्या वेळात तेच खाल्लेलं परत चघळत बसतो, त्याला सुळे कशाला हवेत, दात कोरायला? पण त्या सभागृहाच्या दारावर जो फलक लावला होता ना, खासा दोन माणसं उंच, त्यावर गव्याचं तोंड उघडं, सुळे बाहेर, डोळे लालभडक, आणि तुम्हाला सांगते, त्या सुळ्यांच्या अगदी टोकाशी फोटो कोणाचा? तर आमच्या ह्यांचा! लग्नातला! हसरा! म्हणजे गवा खायला येतोय आणि हे हसतायत! आणि खाली अक्षरं, 'आणखी किती बळी?' तीसुद्धा छापील, एकमेकांच्या अंगावर चढलेली. अहो, जन्मभर पाट्या रंगवल्या ह्या माणसानं, पेंटर होते आमचे हे. त्यांना बळी करायचं ते केलंत, निदान दोन अक्षरांत श्वास घ्यायला जागा तरी सोडायची!

मी कोण ते राहिलंच. मी त्या हसऱ्या फोटोची बायको. 'गव्याच्या हल्ल्यात पेंटर ठार' असं पेपरात वाचलं असेल तुम्ही. त्यातला पेंटर माझा. आणि हल्लाबिल्ला काही झालेला नाही, हे मी तेव्हापासून घसा फोडून सांगतेय. हेडमास्तरांनी काही केलं नाही! हेडमास्तर म्हणजे गवा. थांबा, थांबा, सांगते, सगळं सांगते, फक्त मध्ये बोलू नका. मला मध्ये बोललेलं चालत नाही आणि घंटी वाजवलेली तर मुळीच चालत नाही. का, ते कळेल.

तर ह्यांना एक खोड होती. पेंटर लोकांना असतेच ती, पण ह्यांना जरा जास्तच. पाटीवर एक रेघ मारली की मान डावीकडे कलायची, एक डोळा मिटायचा, आणि मग दोन पावलं मागे. बघायला! 'पाटी जवळून कळत नाही गं,' म्हणायचे. कबूल, नाही कळत. पण माणसानं मागे काय आहे ते बघावं की नाही? हे कसले बघतायत! न्हाव्याच्या दुकानाची पाटी करताना दोन पावलं मागे गेले ते थेट गिऱ्हाइकाच्या मांडीवर, आणि गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा! एका बंगल्यात नुकतीच फरशी घातलेली, त्या ओल्या सिमिटात गेले, त्यांच्या टाचा अजून तिथं आहेत, मालकानं वर सतरंजी टाकलीय. गटारात तर किती वेळा, विचारू नका. आणि गंमत म्हणजे पडलं की माणूस काय म्हणतो? 'अगं आई गं' म्हणतो, 'मेलो' म्हणतो. हे गटारात उताणे पडून, तिथूनच पाटीकडे बघत म्हणणार, 'उजवीकडची वेलांटी जरा बसली गं.' म्हणजे चूक कळायला गटारात जावं लागायचं! मग काय करणार? मी जायला लागले कामावर बरोबर. लोकांच्या बायका नवऱ्याच्या पाठीशी उभ्या असतात, ते आपलं म्हणण्यापुरतं. मी खरोखरची उभी! हात असे पुढे करून! ह्यांनी रेघ मारली, मान कलली, की आला माणूस माझ्या हातांवर. पुढे ह्यांची पाटी आणि मी मागे उभी. सगळा संसार असा झाला माझा, ह्यांच्या मानेचा मागचा भाग बघण्यात.

आता ती पाटी. आमच्या गावाबाहेरचा तो वळणाचा रस्ता, तिथून रानगव्यांचा कळप इकडून तिकडे जातो. ट्रकवाले वळणावर येतात भरधाव, समोर गवा, मग ट्रक आडवा नाहीतर गवा आडवा. म्हणून रस्तेखात्यानं ह्यांना काम दिलं, सावधानतेची पाटी, लाल काठाचा त्रिकोण आणि मध्ये काळा गवा. सोबत नमुन्याचं चित्र. ह्यांनी ते चित्र बघितलं आणि असा चेहरा केला की जशी चहात माशी पडलीय. 'साहेब, हा बैल आहे.' साहेब म्हणाले, 'अहो, चार पाय आहेत, शिंगं आहेत, कोणाला कळतंय?' 'ट्रकवाल्याला कळतंय. बैल दिसला की तो हॉर्न वाजवतो. बैल सरकतो. गव्यापुढं हॉर्न वाजवला तर गवा सरकत नाही, तो उभा राहतो.' साहेबांनी हात जोडले, म्हणाले, 'काढा बाबा तुमच्या मनासारखा.' झालं! हाच शब्द बोलायला नको होता. मनासारखा! ह्यांच्या मनासारखं आजवर काही झालंय? एक पाटी दाखवा. लोक पाटीखाली फोटो काढून घ्यायचे आणि हे म्हणणार, 'ठीक आहे, चालून जाईल.' कधी, कधीसुद्धा तोंडातून 'जमलं' असा शब्द नाही. माझ्या स्वयंपाकालाही नाही, पण ते सोडा.

ती शिंगं काही जमेनात हो! गव्याची शिंगं म्हशीसारखी मागे जात नाहीत आणि बैलासारखी सरळ वरही नाहीत. आधी बाजूला जातात, मग वर वळतात, मग टोकं पुन्हा आत. ते आत वळणं आहे ना, त्यानं ह्यांचं डोकं खाल्लं. काढायचे, पुसायचे. घरात सगळीकडे रॉकेलचा वास, कपबशीला वास, उशीला वास. शेवटी म्हणाले, 'चल, बघून येऊ.' मला वाटलं सिनेमा! तर गव्यांकडे. तेव्हापासून आमची संध्याकाळ तिथं. आमचा खटारा टेम्पो रस्त्याच्या कडेला लावायचा, डबा उघडायचा आणि बसायचं. तुम्हाला खोटं वाटेल, पण अशी मजा मला लग्नाच्या नव्या दिवसांतही आली नव्हती. झाडांतून आधी एक नाक येतं, मग एवढं मोठं काळं धूड, आणि त्याच्या पायांत पांढरे मोजे! खरंच, चारी पायांना गुडघ्यापर्यंत पांढरे! हे म्हणाले, 'बघ, शाळेला निघालेत.' मग ती पिल्लं, त्यांच्या आया, आणि सगळ्यांच्या शेवटी तो मोठा नर, एक कान फाटका, कोणी रांग मोडली की नुसता फुर्र करायचा. 'हे हेडमास्तर,' आम्ही म्हटलं. हेडमास्तर रस्त्याच्या मध्यभागी उभे राहायचे, सगळा वर्ग पार होईपर्यंत, आणि मग आमच्या टेम्पोकडे एकदा बघून जायचे. ह्यांना तर वाटायचं, ते आमची हजेरी घेतात.

आणि ह्याच हेडमास्तरांवर खुनाचा आळ आला हो. खुनाचा!

झालं ते थोडक्यात सांगते, मोठ्यानं सांगवत नाही. पाटी जागेवर उभी करून झाली होती, खांब पक्का झाला होता, फक्त शिंगं बाकी. दिवस अजून मावळला नव्हता. हे शिडीवर, मी मागे उभी. तेवढ्यात कळप आला. हे वरून हळूच म्हणाले, 'तू टेम्पोत जाऊन बस. दोन माणसं बघून बिचकतील.' मी गेले. हे खाली उतरेनात, शिडी हलली असती, कळप उधळला असता. म्हणून वरच राहिले, आणि समोर हेडमास्तर. इतके जवळ की शिंगांवरच्या वळ्या दिसाव्यात! आता सांगा, पेंटरसमोर असा नमुना उभा राहिला तर तो गप्प बसेल का? ह्यांनी ब्रश उचलला. मी काचेतून बघतेय. एक रेघ, बाजूला, वर, आत. दुसरी रेघ, बाजूला, वर, आत. आणि मग तुम्हाला सांगते, ती मान डावीकडे कलली. मी दार उघडून ओरडले, 'अहो, शिडी! शिडीवर आहात!' पण पाऊल मागे टाकून झालं होतं. शिडीवरून! मागे हवा, आणि खाली रस्त्याखालच्या मोरीचा दगड.

हेडमास्तरांनी काही केलं नाही. ते फक्त लाल रंगाचा डबा हुंगत होते. त्रिकोणाच्या काठाचा उरलेला रंग होता, त्यात नाक घातलं. ह्यांचं डोकं मी मांडीवर घेतलं आणि तेवढ्यात वळणावरून ट्रक आला. ट्रकवाल्याला काय दिसलं? माणूस आडवा, बाई रडतेय, आणि त्यांच्या डोक्यावर गवा उभा, तोंड लाल! त्यानं फोन लावला, दुसऱ्यानं तिसऱ्याला लावला, आणि माझी मांडी रिकामी व्हायच्या आत पेपरात हेडमास्तर रक्तपिपासू झाले होते. मी सांगतेय तो रंग आहे, एनॅमल आहे, जाऊन वास घ्या, पण गव्याच्या नाकाचा वास घ्यायला कोण जाणार?

एरवी हे तिथंच संपलं असतं. पण त्याच वेळी एक नवा कायदा येऊ घातला होता. ह्या कळपांना संरक्षण द्यायचं, त्यांना मारायचं नाही, त्यांची जायची वाट मोकळी ठेवायची, संध्याकाळी त्या रस्त्यावर ट्रक बंद. निम्मे लोक म्हणाले द्या, निम्मे म्हणाले शेतं तुडवतात, माल अडतो, देऊ नका. आणि त्या मसुद्यात एक कलम, की ज्या गव्यानं माणूस मारला असेल त्याला हे संरक्षण नाही. त्याला गोळी. म्हणजे कळलं का? आमच्या ह्यांना कोणी मारलं, ह्यावर हेडमास्तर जगणार की जाणार हे ठरणार होतं. त्यासाठी ती जाहीर सुनावणी. आणि बघणारी मी एकटी.

सकाळी निघाले तर दारात दीर आणि नणंद. दोघंही माझे जिवाभावाचे, आजारपणात ह्याच वन्संनी माझे पाय चेपलेत, खोटं नाही बोलणार. भाऊजी म्हणाले, 'वहिनी, तुम्ही सांगणार काय तिथं?' मी म्हटलं, 'झालं ते.' 'म्हणजे दादा शिडीवरून पडला?' 'पडले.' 'मागे बघायला म्हणून?' 'हो.' भाऊजी खालीच बसले. 'वहिनी, लोक हसतील हो! गव्यानं मारलं म्हटलं की लोक उभे राहतात. आमच्या ऑफिसात साहेबांनी मला स्वतः खुर्ची दिली. आता जाऊन काय सांगू, आमचा दादा शिडीवर आहे हे विसरला?' आणि वन्सं डोळे पुसत, 'वहिनी, तो मुका प्राणी. त्याला कसली आलीय अब्रू? माझ्या भावाला आहे ना!' मला त्यांचा राग नाही आला. माझ्याही मनात आलं होतं ते. ह्यांच्यामागे ह्यांचं उरलंय काय, थोड्या पाट्या आणि एक नाव, तेही मी हसण्यावारी घालवायचं?

तरी गेले. ते सभागृह! पंखे फिरतायत पण वारा लागत नाही, खुर्च्या अशा की बसलं की पाय हवेत. मंचावर अध्यक्ष, त्यांच्यापुढे घंटी. प्रत्येकाला ठरलेला वेळ, वेळ संपला की टिंग! आणि खाली दोन्ही पार्ट्या. मी बसते न बसते तोच डाव्या बाजूनं वकील आले, विरोधवाल्यांचे, असे वाकून, पडेल आवाजात, 'ताई, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. तुम्हाला काही बोलायची गरज नाही. तुम्ही फक्त माईकसमोर उभ्या राहा आणि... जे होईल ते होऊ द्या.' म्हणजे रडा! मी म्हटलं, 'मला बोलायचंय.' 'आधी रडा, मग बघू.' ते जातात तोच उजव्या बाजूनं एक बाई, गळ्यात दुर्बीण. सभागृहात दुर्बीण! काय बघणार होत्या, अध्यक्षांच्या नाकातले केस? माझे हात धरून म्हणतात, 'तुमच्या मिस्टरांनी गव्यांसाठी प्राण दिले. तेवढं एक वाक्य बोला, सभा जिंकली आपण!' मी म्हटलं, 'अहो, गव्यांसाठी नाही दिले.' 'मग कशासाठी?' 'शिंगांसाठी!' त्या दुर्बिणीतून बघावं तशा बघत राहिल्या माझ्याकडे. म्हणजे एकाला माझे हे गव्यानं मारलेले हवेत, दुसऱ्याला गव्यासाठी मेलेले हवेत. आपणहून पडलेले कोणालाच नको होते.

एकच माणूस बरा भेटला, माझ्या शेजारच्या खुर्चीतली बाई. हातांना भेगा, पायांत चिखल वाळलेला. तिची शेती रानाच्या कडेला, दरवर्षी कळप येऊन लोळून जातो. कायद्याच्या विरोधात आली होती, आणि का येऊ नये? म्हणाली, 'उभं पीक झोपवलं बघा ह्या वर्षी. रात्रभर डबे बडवते मी.' मी म्हटलं, 'आमचा पेंटर गेला.' ती म्हणाली, 'माहीत आहे. फोटो बघितला दारात.' आणि तिनं तिच्या बाटलीतलं पाणी मला दिलं. एवढंच. भाषण नाही, वाक्य नाही, नुसतं पाणी. आम्ही दोघी विरुद्ध पार्टीच्या, सगळी सभा शेजारी शेजारी बसलो.

भाषणं झाली म्हणता! एक प्राध्यापक आले, ते गवा पृथ्वीवर कधी अवतरला तिथून सुरू झाले, गवा अजून आमच्या गावात पोचायचा होता तेवढ्यात टिंग! मग मालवाहतूकवाले, 'माणूस मोठा की जनावर?' टिंग! मग एक गृहस्थ ज्यांनी गवा कधी बघितलाच नव्हता, ते स्वतःच म्हणाले, 'मी गवा पाहिलेला नाही, तरीपण माझं स्पष्ट मत आहे...' त्यांना मात्र घंटी उशिरा वाजली. आणि मंचाच्या कोपऱ्यात टेकवून ठेवली होती आमची पाटी! ह्यांची! उपटून आणली होती, पुरावा म्हणून. लाल काठ, काळा गवा, आणि ती शिंगं. त्या फिरत्या पंख्यांखाली, त्या गोंगाटात, तो एकटा गवा तिथं शांत उभा. माझी नजर दुसरीकडे जाईना.

आणि माझं नाव पुकारलं. गेले. माईक माझ्या कपाळाशी, तो खाली ओढला तर किंचाळला, लोक दचकले. मी म्हटलं, 'हेडमास्तरांनी काही केलं नाही.' अध्यक्ष म्हणाले, 'कोण हेडमास्तर? शाळेचा विषय आज नाही.' झाली सुरुवात! मग सांगितलं सगळं. न्हावी सांगितला, सिमिट सांगितलं, का, तर खोड कळल्याशिवाय मरण कसं कळणार? लोक हसायला लागले. आधी मागचे, मग मधले. मी म्हटलं, बघा, अशी मान कलायची, आणि करून दाखवली, अशी दोन पावलं मागे, आणि मंचावर मागे गेले, आणि अख्खं सभागृह खदाखदा! कोणीतरी ओरडलं, 'सांभाळा वहिनी, तुम्ही पडाल!' अध्यक्ष खाकरत होते, पण खांदे हलत होते, मी बघितलं. वकील उठले, 'आपण टेम्पोत होतात ना? म्हणजे प्रत्यक्ष पाहिलं नाही.' मी म्हटलं, 'अहो, काच होती, भिंत नव्हती!' पुन्हा हशा. 'गव्यानं शिडीला धक्का दिला नाही कशावरून?' मी पाटीकडे बोट केलं. 'ती रेघ बघा. धक्का बसला असता तर शिंग हललं असतं. ते पुरं झालंय. आमचे हे काम अर्धं टाकून कधी मागे सरकत नव्हते.' वकील म्हणाले, 'हे आपलं वैयक्तिक मत झालं.' वैयक्तिक! नवरा काय सार्वजनिक होता माझा?

सभागृह हसतंय, दुर्बीणवाल्या बाई कपाळाला हात लावून बसल्यात, भाऊजी मागच्या रांगेत मान खाली घालून. एक माझी शेजारीण तेवढी हसत नव्हती. मी म्हटलं, आता शेवटचं सांगते, ते ऐका, ते ऐकलंत तर हसणार नाही, आणि तोंड उघडलं...

टिंग!

'वेळ संपला, ताई. पुढचे वक्ते.' माईक बंद. अहो, अजून एक वाक्य! गवा पृथ्वीवर कधी आला ह्याला वेळ होता, माझ्या माणसाच्या शेवटच्या वाक्याला नव्हता! ते राहिलंच. तेच सांगायला तर गेले होते. आता तुम्हाला सांगते, तुमच्याकडे घंटी नाही म्हणून.

मी धावत पोचले तेव्हा हे उताणे होते. डोकं मांडीवर घेतलं तर हात ओला झाला. मी म्हणतेय, 'अहो, माझ्याकडे बघा, माझ्याकडे बघा.' पण हे माझ्याकडे कुठले बघतायत! मला बाजूला सारून वर पाटीकडे बघत होते. एक डोळा मिटला. मला वाटलं, सवयीप्रमाणे आता म्हणणार, डावं शिंग बसलं. त्या क्षणीसुद्धा मला राग आला हो! म्हटलं, आता तरी पाटी सोडा! आणि हे म्हणाले, 'जमलं गं.' एवढंच. जमलं गं. उभ्या आयुष्यात नाही बोलला तो माणूस, आणि बोलला तो असा, आणि ऐकायला कोण, तर मी आणि नाकाला लाल रंग लागलेले हेडमास्तर. ते हलले नाहीत. कळप पार झाला होता, तरी हलले नाहीत. मान खाली घालून उभे होते, ट्रकचा हॉर्न वाजला तरी.

आता तुम्ही म्हणाल निकाल काय? निकाल असा की हेडमास्तरांना संशयाचा फायदा मिळाला. गव्याला! संशयाचा फायदा! गोळी रद्द. कायदा मात्र विचाराधीन आहे. ज्या कपाटात विचार करतात त्या कपाटात आहे. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात, 'पेंटरचा तोल गेला, गवा सुटला!' खाली व्यंगचित्र, शिडीवर एक माणूस डोळे मिटून मागे चाललाय. लोकांनी कापून दुकानात चिकटवलं. वाण्याकडे गेले तर वाणी म्हणतो, 'वहिनी, सांभाळून हं, मागे पायरी आहे!' आणि गिऱ्हाइकं हसतात. मीही हसते, काय करणार? घरी येऊन मग रडते. भाऊजी एकदाच आले. दारातूनच म्हणाले, 'वहिनी, तुम्ही गव्याला वाचवलंत आणि दादाला मारलंत.' मी म्हटलं, 'चहा घेऊन जा.' ते गेले. चहा निवला.

ह्यांची पाटी मागायला गेले ऑफिसात. तिथला कारकून म्हणतो, 'ती पुराव्यात आहे, मिळत नाही.' म्हटलं मग रस्त्यावर तरी परत लावा. 'नाही हो, नवीन बसवली की. छापील. चकाकणारी!'

काल गेले बघायला. बसनं गेले, टेम्पो मला कुठे चालवता येतो! ऊन उतरलं होतं. नवी पाटी अशी झगमगत होती की बोलायची सोय नाही. जवळ जाऊन बघितलं. काही कळेना. पाटी जवळून कळतच नाही. म्हणून माझी मान आपोआप डावीकडे कलली, एक डोळा मिटला, आणि मी दोन पावलं मागे... आणि मागे कोण असणार हो? मागे उभी राहणारी बाई तर पुढे उभी होती! गेले चरात. पाठीवर, उताणी, पाय वर! लागलं फारसं नाही, चिखल होता. पण उठवेना. वर आभाळ, आभाळात पाटी, आणि पलीकडे झाडांत बघते तर काय, हेडमास्तर! फाटका कान हलवत, काहीतरी चघळत, माझी हजेरी घेत उभे. नाकावरचा रंग कधीच गेलाय. म्हटलं, आता ट्रक नको यायला, नाहीतर उद्या पेपरात पुन्हा हेडमास्तरांचंच नाव यायचं.

मी तशीच पडून राहिले थोडा वेळ. कोणी हात पुढे करील म्हणून वाट बघत नव्हते. बघत होते, खोटं कशाला बोलू. मग ज्या माणसाला सांगायचं तो नाही, म्हणून हेडमास्तरांनाच सांगितलं, चरातूनच, पाटीकडे बघत...

'शिंगं चुकलीत हो.'